चिनी भांडे पालथे करून पाहा, गारा साडी उलटी करून पाहा

मागील वर्षी नेरुळच्या एका परिचित गृहस्थांनी आम्हाला घरी बोलावले. निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी दोन लाख चाळीस हजार रुपयांना निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची एक जोडी घेतली होती. "मिंग घराण्याच्या काळची, पाचशे वर्षांची आहे, पाच वर्षांत दुप्पट होईल," असे विकणाऱ्याने सांगितले होते. आता मुलीच्या कॉलेजची फी भरावयाची होती, म्हणून जोडी काढावयाची होती, आणि तोच दुकानदार ती परत घेण्यास तयार नव्हता.

आम्ही मूळचे कापडवाले. पण जुन्या चिनी भरतकामाच्या साड्या घेता-देता भांड्यांचीही थोडीफार ओळख झाली आहे. आम्ही फुलदाणी पालथी केली. बुडाला सहा चिनी अक्षरे होती. चिनी अक्षरे वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्याला उजवीकडून सुरुवात करणे जड जात नाही. अर्थ असा होता : महान मिंग घराण्याच्या चेंगहुआ राजवटीत बनविले. ही राजवट १४६५ ते १४८७ ची. गृहस्थांचा चेहरा उजळला. पण खरी गोष्ट अशी की हा शिक्का वय सांगत नाही. चेंगहुआच्या काळचे काम चीनमध्ये इतके नावाजलेले होते की दोनशे वर्षांनंतर कांगशी बादशहाच्या काळातील (१६६२ ते १७२२) कारागीरही आपल्या मालावर तोच शिक्का घालीत. त्यांच्यानंतरचेही घालीत आले, आणि आजचे कारखाने तर सर्रास घालतात.

मग वय कशावरून ओळखावे? चिनी भांडे ज्या कडेवर उभे राहते त्या कडेला बहुधा झिलई नसते. तेथे उघडी माती दिसते, आणि शेकडो वेळा ठेवल्या-उचलल्याने ती गुळगुळीत झालेली असते. घासल्याच्या खुणा असतात, पण त्या वेड्यावाकड्या, कमी-जास्त खोल. या जोडीच्या कडेला तपकिरी रंग फासलेला होता आणि ओल्या रुमालाने तो निघाला. आतल्या बाजूच्या खुणा सगळ्या एकाच दिशेच्या होत्या, म्हणजे घासणकागदाने केलेल्या. जोडी शेवटी अकरा हजारांना एका हॉटेलच्या सजावटीसाठी गेली. फी कर्ज काढून भरली गेली.

हा छंद वाईट नाही, आणि आपल्या किनाऱ्याला तो परकाही नाही. चौलच्या जुन्या बंदराच्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे निघाले आहेत. आपल्या घरातील शब्द पाहा. लोणच्याच्या बरणीला उर्दूत मर्तबान म्हणतात. हे ब्रह्मदेशातील एका बंदराचे नाव आहे, जेथून असे मोठे घडे जहाजांत चढत. हिरवट झिलईच्या चिनी भांड्यांना हिंदुस्थानात घोरी म्हणत, आणि त्यात विषारी अन्न वाढले तर भांडे तडकते अशी बादशाही मुदपाकखान्यातली समजूत होती. तडकत काही नव्हते, पण या समजुतीने भाव मात्र चढा राहिला! इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही दहा हजारांवर चिनी भांडी आहेत. व्यवहार एकतर्फी नव्हता. ज्या निळ्या रंगाने चिनी भांडे जगभर ओळखले जाते तो रंग, म्हणजे कोबाल्ट, सुरुवातीला इराणकडून चीनमध्ये जात असे आणि चिनी लोक त्याला मुसलमानी निळा म्हणत. झेंगदे बादशहाच्या काळातील (१५०६ ते १५२१) काही भांड्यांवर अरबी व फारसी मजकूर लिहिलेला आहे.

मुंबईचा चीनशी व्यापार एकोणिसाव्या शतकात फार वाढला. येथून कापूस आणि अफू कँटनला जाई, आणि परतीच्या जहाजांत चहा, रेशीम, भांडी येत. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या या व्यापारातील भागीदारांत मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान होते. अफूचा पैसा कोणत्या प्रकारचा होता हे सांगावयास नको, पण या वस्तू त्याच जहाजांतून आल्या हेही लपविण्याचे कारण नाही.

आता आमच्या हातातल्या विषयाकडे येतो, म्हणजे गारा साडीकडे. ही पारशी घरांतील साडी. जमीन चिनी रेशमाची, आणि तिच्यावर चिनी कारागिराच्या हातचे भरतकाम. करकोचे, शेवंती, पूल, छत्रीवाली माणसे, आणि वटवाघुळेसुद्धा. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सुदैव यांचा उच्चार एकच, म्हणून ते शुभ. पारशी बायकांनी या नक्ष्यांना आपली नावे ठेवली. माणसांच्या नक्षीला चिना-चिनी, गोल ठिपक्यांना कांदा-पापेटा. चिनी फेरीवाले पाठीवर गाठोडे घेऊन मुंबईत घरोघर असा माल विकत. याच व्यापारातून तनछोई हे विणलेले रेशीम आले. सुरतेच्या तीन भावांना जमशेटजींनी चीनला शिकावयास पाठविले, त्यांच्या उस्तादाचे नाव छोई, म्हणून 'तन' म्हणजे तीन आणि छोई, असे सांगतात. पुढे ही वीण बनारसने उचलली, आणि आज तनछोई म्हटले की गिऱ्हाईक बनारसच समजते.

जुनी गारा हाती आली तर प्रथम ती उलटी करावी. हाताच्या कामात मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच साफ असते, गाठी लोंबत नाहीत. मशीनच्या कामात खाली वेगळा, बहुधा पांढरा दोरा दिसतो आणि टाके शिपायांसारखे एका मापात असतात. जुन्या कामाचे रेशीम पीळ न दिलेले असते, त्यामुळे पाकळीवर उजेड फिरला की रंगाची छटा बदलते. आजचे पीळदार चमकते सूत सगळीकडून एकसारखे चमकते. एका फुलात गडदपासून फिक्यापर्यंत किती छटा भरल्या आहेत हेही मोजावे. रंगावरूनही काही कळते. रासायनिक जांभळा रंग विलायतेत १८५६ मध्ये निघाला. त्या भडक जांभळ्याचे मूळ भरतकाम दाखवून कोणी दोनशे वर्षांची गोष्ट सांगू लागला तर साडी घडी करून परत द्यावी.

एवढे जाणूनही आम्ही फसलो आहोत. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका दलालाकडून आम्ही अडतीस हजारांना गारा घेतली. काठ अस्सल जुना, काम पाहून आमची नजरच बांधली गेली. वाशीला दुकानात आणून ट्यूबलाइटखाली पसरली तेव्हा दिसले की काठ नव्या रेशमावर शिवलेला आहे आणि मधली फुले मशीनची आहेत. जुनी जमीन फाटली की काठ काढून नव्या कपड्याला लावणे ही पारशी घरांतील जुनी, रास्त रीत आहे. दोष रिवाजाचा नाही, अर्धी गोष्ट सांगणाऱ्याचा आहे, आणि आमचाही, कारण शिवण कापडवाल्याला दिसली नाही तर कोणाला दिसणार? ती साडी आम्ही खरी हकीकत सांगून सतरा हजारांना दिली.

घरात जुना माल असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. निळ्या-पांढऱ्या बशीवर पूल, झाड आणि दोन पाखरे असतील तर ती बहुधा चिनी नाहीच. विलो नावाची ही नक्षी इंग्लंडच्या कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी ढंगावर काढली. भिंगातून पाहिल्यास छापाचे ठिपके किंवा जोड दिसतो, ब्रशाचा फटकारा दिसत नाही. बुडावर रोमन अक्षरांत देशाचे नाव असले तर माल बहुतेक १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. जपानी मालावर 'निप्पॉन' असेल तर साधारण १९२१ पूर्वीचा, 'जपान' असेल तर नंतरचा. 'ऑक्युपाइड जपान' हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतच्या मालावर आढळतो. नव्या मालाचीही हौस करावी, त्यात कमीपणा नाही. जिंगदेझेन या चिनी शहरात आजही हाताने रंगवलेले उत्तम काम होते. फक्त नव्याला नव्याचा भाव द्यावा.

कायद्याबाबत आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. वस्तू चीनची असली म्हणून ती भारतीय कायद्याबाहेर जात नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा असून तो १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार शंभर वर्षे झालेली कलावस्तू पुरावशेष ठरते, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. दुबईतल्या मुलाने दादीची फुलदाणी बॅगेतून मागवली आणि विमानतळावर ती अडली, तर "आमच्याच घरची आहे" हे उत्तर चालत नाही. वस्तू नवी असून जुन्यासारखी दिसत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा. अशा जुन्या वस्तूंचा धंदा करावयाचा तर परवाना लागतो. हस्तिदंताच्या चिनी-जपानी बाहुल्यांना तर हातच लावू नये. त्यांची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यात अडकते.

राहिला भाव. दुकानदार सांगतो तो भाव तुम्ही घेतानाचा. विकताना तोच दुकानदार बहुधा निम्म्याहूनही कमी सांगेल, कारण त्याचा माल वर्षानुवर्षे फळीवर पडून असतो आणि भाडे चालूच असते. कपड्यात आम्ही सीझन संपला की सेल लावतो, येथे सीझनच नाही. म्हणून फीचा, लग्नाचा, दवाखान्याचा पैसा यात घालू नये. जो पैसा दहा वर्षे लागणार नाही तोच घालावा, आणि पावतीवर वस्तूचे वर्णन, काळ आणि "काळ खोटा ठरल्यास रक्कम परत" हे शब्द दुकानदाराच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावेत. जो लिहून देत नाही, त्याने आपले उत्तर दिले असे समजावे.

नजर मात्र फुकटात तयार करता येत नाही, पण स्वस्तात करता येते. मुंबईच्या फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा या बंधूंनी जमवलेली चिनी व जपानी भांडी, जेड व इतर वस्तू आहेत. वाशीहून हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरावे आणि तेथून बस धरावी. तिकीट काढून एका कपाटासमोर अर्धा तास उभे राहावे. झिलईचा पांढरा खरोखर किती प्रकारचा असतो हे तेथे कळते. नेरुळचे ते गृहस्थ परवा मुलीला घेऊन तेथे जाऊन आले. फुलदाण्यांचे बूड पाहावयास मिळावे म्हणून कपाटात आरसा ठेवावयास हवा, अशी त्यांनी आमच्याकडे तक्रार केली.