चट्टा अजून गेला नाही म्हणे

लातूर

चि. प्रदीप यास,

काल अक्काचा फोन आला. तुझ्या गालातला पांढरा चट्टा बुरशीचा निघाला, म्हणून तू बिनघोर झालास आणि पुन्हा टपरीवर दिसतोस म्हणे. हे काही बरं नाही.

तुझं निम्मं खरं आहे. कॅन्डिडा ही बुरशी धडधाकट माणसाच्याही तोंडात असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर, शुगरवाल्यांच्या तोंडात, कवळीखाली ती फोफावते, म्हणून त्यांना काही कॅन्सर होत नाही. पण तंबाखू-सुपारीनं उठलेल्या चट्ट्यात ती शिरलेली असली, तर तो चट्टा बिघडायचा धोका जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ती अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करते, आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तू म्हणशील, आधीच बिघडलेल्या जागी बुरशी मागाहून आली असेल. असेलही, आधी कोण, याचा वाद तज्ज्ञांतही मिटलेला नाही. तुला त्याचं काय? चट्टा आहे तिथंच आहे ना! बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर ओल्या फडक्यानं निघतो. तुझा पुसून निघत नाही, असं अक्का म्हणते. दोन आठवडे नीट औषध घेऊनही तो राहिला, तर तुकडा तपासायलाच हवा. दुखत नाही म्हणू नकोस, सुरुवातीला तोंडाचा कॅन्सर बहुधा दुखत नाही. आणि तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, या पारावरच्या गप्पा. जागा बधिर करून कणभर मांस घेतात, बस्स.

तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो, हेही कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच नुसत्या सुपारीला कर्करोगकारक ठरवलंय. 2012 ला राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा आर. आर. आबा पाटील गृहमंत्री होते. तेच 2015 मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले. वय अवघं 57.

फार बोललो का? तोंड पुरेसं उघडतं का, म्हणजे तीन बोटं उभी मावतात का, तेवढं आज आरशासमोर बघ आणि मला कळव. विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजात जा, नाहीतर सरळ इकडं ये. लातुरातही दंत महाविद्यालय आहे. कुठंही गेलास तरी एकटा जाऊ नकोस, मी येतो सोबत. तुझ्या मामीला यातलं काही सांगितलेलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत इथंच राहा. सुपारीचा विषय मी काढणार नाही, शब्द देतो.

तुझा मामा