बासवाला जाण्याआधी

सावेडी, अहिल्यानगर

चि. बाळ यास,


ताईचा फोन आला होता. तुमचा ड्रमर सुप्याच्या एमआयडीसीत कामाला लागला, बासवाला पुढच्या महिन्यात बंगळुरूला चालला आणि तू चिडून गिटार विकायला काढलीस म्हणे. दोघांशी बोलणंही टाकलंस. गिटार तुझी आहे, वीक नाहीतर ठेव. अबोल्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे. त्यासाठी आधी एक जुनी हकीकत ऐक.

‘रॉक मशीन’ हे नाव तुझ्या कानावर असायचं कारण नाही. 1984 साली मुंबईत उभा राहिलेला बँड. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन. पुढे उदय बेनेगल गायला आला, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. आधी तेही तुमच्यासारखे परदेशी बँडांची गाणी वाजवायचे. मग 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांची ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही कॅसेट काढली, 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’. त्यांचा जीव रंगभवनात, धोबी तलावाच्या त्या उघड्या नाट्यगृहात. नगरला आमच्यापर्यंत यायची ती पुण्याहून आणलेल्या कॅसेटची नक्कल, बऱ्याचदा नकलेची नक्कल. गाणारा आणि गिटार तेवढी कळायची. बाकी सगळं घरघरीत बुडालेलं, पण आमची छाती फुगायची. इंग्रजीत गाणारी ही पोरं आपल्याच मुंबईची होती ना!

1993 मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या सोहळ्यात आशियाच्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. आम्हाला वाटलं, आता हे जग जिंकणार. जिंकलं कुणी? 1995 मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं आणि पॉपचा बाजार हिंदीकडे वळला. त्याच वर्षी ‘इंडस क्रीड’ नावाचाच त्यांचा अल्बम निघाला, पण इंग्रजी रॉकला आपल्याकडे गिऱ्हाईकच थोडं. 1997 मध्ये बँड मोडला. उदय आणि जयेश यांनी पुढे ‘आम्स फॉर शांती’ काढला, न्यूयॉर्क गाठलं. मी नोकरी-संसारात पडलो आणि ते नाव माझ्या तोंडून गेलं ते गेलंच.

गेल्या महिन्यात फोनवर दुसरंच काही शोधताना ‘इव्हॉल्व्ह’ सापडला. इंडस क्रीडचा अल्बम, साल 2012! म्हणजे 2010 मध्ये हे पुन्हा जमले होते आणि मला पत्ता नाही. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे. जयेश या संचात नव्हता. मिक्सिंग टिम पामरचं, ज्यानं पर्ल जॅम या बँडचा ‘टेन’ हा अल्बम मिक्स केला होता. हेडफोन लावून ऐकला. आवाज पिकला आहे, घाई गेली आहे, एकेक वाद्य आपल्या जागी उभं आहे. मग जुनी गाणी काढली. खरं सांगू? ‘रेनेगेड’च्या काळातला बराच भाग तेव्हाच्या अमेरिकन बँडांच्या सावलीत आहे आणि शब्द तर काही ठिकाणी पोरकट आहेत. तरी मला त्यांची लाज वाटली नाही. उलट सेल्विनचा बास पहिल्यांदा धड ऐकू आला. इतकी वर्षं तो तिथेच होता, आमच्या कॅसेटपर्यंत पोचला नव्हता एवढंच.

तर बाळ, बँड मोडण्यात कुणाचा दगा शोधू नकोस. हप्ते, शिफ्ट, आईबापांची आजारपणं यांच्यापुढे चौघांचं जमणं हाच नवलाचा भाग. मुंबईच्या त्या मंडळींकडे पुरस्कार होता, नाव होतं, तरी त्यांना थांबावं लागलं. तेरा वर्षांनी बसायची वेळ आली तेव्हा तिघं जुने एका खोलीत येऊ शकले. माझ्या मते बोलणं राहिलं होतं म्हणून. अबोला धरून हे जमत नाही. तुम्ही तेरा वर्षांनी जमालच असं मी म्हणत नाही. बहुधा नाहीच जमणार.

म्हणून आत्ताच एक काम कर. तुमची स्वतःची जी तीन गाणी आहेत, गणपतीत वाजवलेली, ती बासवाला जायच्या आत रेकॉर्ड करा. एकच फोन मधे ठेवून नको. प्रत्येक वाद्य वेगळं घ्या, त्याचा बास तर नक्कीच वेगळा. गाण्याचं नाव, कोण काय वाजवतं, तारीख, सगळं फाईलवर लिही आणि चौघांकडे एकेक प्रत दे. परदेशी बँडांच्या गाण्यांवर वेळ घालवू नका, ती कुठे जात नाहीत.

ड्रमरला आज फोन कर आणि त्याची सुट्टी कुठल्या वारी असते ते आधी विचार. त्या दिवशी आमची वरची खोली मोकळी ठेवतो. शेजाऱ्यांशी मी बोलून घेईन, पण रात्री नऊनंतर ड्रम्स बंद. गिटारचं गिऱ्हाईक ठरलं असेल तर त्याला पंधरा दिवस थांबायला सांग.

तुझा,
मामा