खेळांतील चित्रांचा जमाखर्च

संगणकावर खेळतांना चित्र मध्येंच अडखळूं लागलें, म्हणजे यंत्र जुनें झालें असा निर्णय आपण लगेच देऊन मोकळे होतों. हा निर्णय पुष्कळदां घाईचा असतो, हें आम्हांस एका दिवाळीच्या सुटींत अनुभवानें कळलें. तोच अनुभव वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूळ गोष्ट ध्यानांत घेऊं. पडद्यावर हालतांना जें दिसतें, ती वस्तुतः एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका होय. अशा प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. चित्रपटांत सेकंदास बहुधा २४ फ्रेम असतात. पण त्या आधींच तयार असतात. खेळांत मात्र आपण कळ दाबूं त्याप्रमाणें प्रत्येक फ्रेम नव्यानें काढावी लागते. सेकंदास ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वांट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. ३० वर समाधान मानलें, तर ३३.३. तेवढ्यांत काम उरकलें नाहीं, कीं चित्र अडखळलेंच. सारांश, हा वेळेचा जमाखर्च आहे.

अंगणांत मातीचा किल्ला करावा, तसा आम्ही कांहीं मित्र माइनक्राफ्ट या खेळांत ठोकळ्यांचा किल्ला बांधीत होतों. हा खेळ स्वीडनमध्यें निर्माण होऊन २०११ सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. किल्ल्याभोंवतीं हिंडूं लागतांच चित्र अडखळे. ज्याच्या घरीं संगणक होता, तो मित्र नव्या यंत्रासाठीं वडिलांजवळ पैसे मागावयास निघाला. त्याच्या धाकट्या बहिणीची फी त्याच महिन्यांत भरावयाची होती, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं त्यास म्हटलें, "एक दिवस थांब. आधीं दुखणें कोठें आहे तें पाहूं."

या खेळाच्या जावा आवृत्तींत एफ-३ ही कळ दाबली असतां सेकंदाच्या फ्रेमांची संख्या दिसते. ती २० च्या आसपास होती. प्रथम आम्हीं खेळाची खिडकी लहान केली. १९२० × १०८० या मापांत दर फ्रेमला २०,७३,६०० बिंदु रंगवावे लागतात. १२८० × ७२० मध्यें ९,२१,६०० पुरतात. बिंदु निम्म्याहून कमी होतांच गति वाढती, तर भार रंगकामाचा आहे असें ठरतें. पण संख्या जवळजवळ तीच राहिली. अर्थात् दोष बिंदूंचा नव्हता.

मग आम्ही 'रेंडर डिस्टन्स'कडे, म्हणजे किती दूरवरचें जग दाखवावयाचें या मर्यादेकडे, वळलों. या खेळांतील जग १६ ठोकळे लांब व १६ ठोकळे रुंद अशा तुकड्यांचें असतें. मर्यादा १६ तुकड्यांची होती; म्हणजे चोहोंबाजूंस मिळून ३३ × ३३ = १०८९ तुकडे सांभाळावे लागत. ती ८ वर आणतांच १७ × १७ = २८९ च उरले. अंतर निम्में झालें, पण काम जवळजवळ चौथाईवर आलें! फ्रेमांची संख्या ५० च्या वर गेली. पुढें ढग बंद करून पाहिले. फरक फारसा पडेना, म्हणून ते पुन्हां सुरू केले.

इतर खेळांतही हीच रीत चालते. सांवल्यांचा दर्जा एक पायरी उतरविल्यास बहुधा पुष्कळ वेळ वांचतो. उलट, ग्राफिक्स कार्डाची मेमरी पुरेशी असेल, तर टेक्स्चरचा दर्जा उंच ठेवूनही गति फारशी घटत नाहीं. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, संख्या वहींत टिपावी, मगच दुसरीस हात लावावा. सर्व कांहीं एकदम बदलल्यास गुण कशानें आला हें कळत नाहीं.

आमच्या बुरुजावरून दूरचे डोंगर आतां धुक्यांत लोपतात, एवढी किंमत द्यावी लागली. किल्ला मात्र सुटी संपण्यापूर्वीं पुरा झाला, आणि मित्रानें वडिलांजवळ पैशाचा शब्दही काढला नाहीं. खर्च वाढविण्यापूर्वीं तो कोठें होतो हें तपासावें, हा धडा केवळ खेळापुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.