मनोवृत्ती आणि आज्ञापालन : महाडचा धडा

मनोवृत्ती कोणी जन्मतः घेऊन येत नाही. घर, शेजार, शाळा, शाबासकी आणि शिक्षा यांतून ती घडते. 'त्या पाणवठ्यावर जायचे नाही' हे मुलाला कारण देऊन कोणी शिकवीत नसे. वडीलमाणसे वळसा घालून जात, ते पाहून मूलही वळसा घाली. पुढे अडवायला कोणी नसले तरी पाय आपोआप वळत. आज्ञापालनाचे मूळ या सवयीत आणि तिच्यामागच्या भीतीत असते.

मग केवळ कायदा बदलल्याने मनोवृत्ती बदलते काय? महाडचा इतिहास पाहू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तीन वर्षे त्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागला नाही. कागदावर परवानगी होती. परंतु सवर्णांचा धाक आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवय कायम होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले आणि मागोमाग हजारो लोक प्याले.

एका ओंजळीने एवढे कसे घडले? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली सुरू केलेल्या प्रयोगांतून याचे उत्तर मिळते. चूक करणाऱ्यास विजेचा वाढता धक्का द्यावा, असे तेथे सांगितले जाई. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. एका प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत आज्ञा पाळली. ही माणसे क्रूर नव्हती. 'जबाबदारी सांगणाऱ्याची' असे मानले की मन मोकळे होते. मात्र शेजारच्या दोघांनी नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी चारच उरले. पहिला नकार इतरांची भीती घालवतो.

परंतु महाडचा धडा केवळ आज्ञाभंगाचा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रही पुन्हा जमले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले; तळ्यावर जाण्यास न्यायालयाची तात्पुरती मनाई होती, म्हणून तळ्याचा सत्याग्रह मात्र तहकूब करण्यात आला. एक आज्ञा झुगारली, दुसरी पाळली. पहिलीला 'का?' विचारण्याची सोय नव्हती. दुसरीविरुद्ध दाद मागता येत होती. ती मागितली गेली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले : परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून काही मानू नका, हित-अहित स्वतः पारखा.

आम्हा बँकेतील लोकांना याचा रोज अनुभव येतो. व्हाउचरवर दुसरी सही असते ती तपासण्यासाठी, मान डोलावण्यासाठी नव्हे. 'साहेबांनी सांगितले' म्हणून न पाहता सही करणारा साहेबांचीही सेवा करीत नाही.

आज घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांत पाणवठ्याची बंदी नाही. पण हुंडा द्यावाच लागतो, मुलीने उलट बोलू नये, अमुक दिवस अशुभ, या आज्ञा घरोघरी पाळल्या जातात. कोणी दिल्या, हे विचारले जात नाही. रविवारच्या संस्कारवर्गात मुलाने 'का?' विचारले, तर त्यास गप्प बसवू नये. उद्या आपल्या वस्तीत पहिली ओंजळ कदाचित तेच भरणार आहे.