सुबाभूळ आणि मुकादम

आवाराच्या पिछाडीस माजलेली सुबाभूळ व तिच्या आडोशाने फोफावलेली घाणेरी काढण्याचे काम ज्या मुकादमास मी उक्ते दिले, त्याच्याशी झालेला करार तोंडी नव्हता. प्रत्येक खोड दोन हात खोल खणून मुळ्यांसह काढावयाचे, खड्डे बुजविण्यापूर्वी मला दाखवावयाचे आणि लाकूड त्याने न्यावयाचे, असे कागदावर स्वच्छ लिहून खाली त्याची सही घेतलेली होती. हे आधीच नमूद करतो, कारण ‘काकांनीच नीट सांगितले नसेल’ ही शेजारची कुजबूज अद्याप थांबलेली नाही.

लग्नानिमित्त मी परगावी गेलो असता त्याने काम उरकले. परतलो तेव्हा जमीन सारखी केलेली, लाकूड वखारीत पोहोचलेले आणि मुकादम हिशेबासाठी ओट्यावर हजर. मुळ्या कोठे, असे विचारता, “काका, आतली मुळं पावसात आपोआप कुजतात, तुम्ही निर्धास्त राहा,” असे त्याने इतक्या आर्जवाने सांगितले की निम्मी रक्कम द्यावी लागली. बाकीची मी पावसाळा सरेपर्यंत राखून ठेविली.

मृगाच्या सरींनंतर त्या सपाट जमिनीतून हिरवे झुबके वर आले. बोटांनी माती सारली, तो जेमतेम चार बोटांखाली करवतीने कापलेले खोड लागले. दात्यांचे ओरखडे त्यावर स्पष्ट होते, कडेच्या सालीतून कोंब फुटलेले होते, आणि पांढरे लाकूड नजरेस पडू नये म्हणून कापावर चिखलाचा लेप दाबून बसविलेला होता. आळस मी समजू शकतो. परंतु लेप देण्यासाठी जे श्रम घेतले गेले, त्यांचा संताप अजून ओसरत नाही.

मध्य अमेरिकेतला हा वृक्ष आपल्याकडे चारा व जळण यांसाठी लावला गेला, तो तोडल्यावर जोमाने फुटतो याच गुणामुळे. म्हणजे बुंध्याशी कापणे हे त्याचे निर्मूलन नव्हे, मशागतच होय.

म्हणून ज्यांना हे काम हाताने करावयाचे आहे त्यांनी खोड प्रथम छातीइतके उंच राखावे, कारण पुढे तेच तरफेच्या उपयोगी पडते. सभोवार हातभर अंतरावर चर खणून आडव्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडाव्यात, खोड दोहों बाजूंस हेलकावून पाहावे, आणि जेथे ते अडते तेथे खालचे सोटमूळ शोधून पहारीने मोकळे करावे. उन्हाळ्यात मुरूम पहारीस दाद देत नाही. पहिल्या पावसानंतर, परंतु चिखल होण्याआधी, हात घालावा. शेंगा वाळून तडकण्यापूर्वीच उतरवाव्यात, कारण कठीण कवचाचे ते बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. दोन पानांची रोपे मात्र ओल्या मातीत चिमटीने निघतात. घाणेरीसाठी एवढे खणण्याचे कारण नाही. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी रूढ केलेली रीत अशी, की जमिनीच्या किंचित खाली, बुंधा व मूळ यांच्या सांध्याखालीच, मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरीत नाही. हातमोजे घालावेत, पाण्याचा नळ कोठून जातो ते पाहावे, हे सांगावयास नकोच.

शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनी 1975 चा वृक्षसंरक्षणाचा अधिनियम विसरू नये. स्वतःच्या आवारातील झाडास कुऱ्हाड लावण्यापूर्वीही वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि मुकादम ‘ते मी बघतो’ म्हणाला तरी तो कागद स्वतःच्या दप्तरी ठेवावा. मोबदल्याचा मोठा हिस्सा मुळ्या डोळ्यांसमोर पडल्यावाचून देऊ नये, आणि लाकूड तर त्याआधी मुळीच हलवू देऊ नये. लाकूड गेले की माणसाचा मुळ्यांतला रस संपतो.

बाकीची खोडे मी रोजंदारीचा एक गडी घेऊन काढली. कुंपणाजवळचे एक मात्र मुद्दाम राखले असून, शेंगा धरू नयेत म्हणून त्याचे फुटवे छाटीत असतो. उरलेल्या रकमेसाठी मुकादमाचे निरोप अजून येतात. त्याने पहार घेऊन यावे, ते खोड मुळासकट उपटावे आणि पैसे घेऊन जावे.