दुधाचे दांत : पडावयाचे खरे, पण वेळेवर

लहान मुलाचा दांत किडला म्हणजे "दुधाचाच दांत आहे, आज ना उद्यां पडावयाचाच, त्याची एवढी काळजी कशाला?" असें उत्तर आपल्या गांवांतून ऐकूं येतें. हें बोलणें शहाणपणाचें दिसतें, पण तें खरें नाहीं. आणि त्यामुळें पुष्कळ लेंकरांना विनाकारण यातना भोगाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणें सगळ्या जगांत ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दांत किडलेले आहेत. म्हणून आज आम्ही हाच विषय वाचकांपुढें मांडतों.

दुधाचे दांत एकंदर २० असतात. पहिला दांत बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसूं लागतो, व मूल अडीच-तीन वर्षांचें झालें म्हणजे सर्व दांत येऊन चुकतात. पुढचे दांत सहाव्या-सातव्या वर्षापासून पडूं लागतात. परंतु मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहावयाच्या असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर तिला अजून सहा-सात वर्षें काम करावयाचें आहे. बैल एक दिवस म्हातारा होणारच, म्हणून त्याच्या खांद्यावरील जखमेकडे कोणता शेतकरी दुर्लक्ष करितो?

आतां कीड म्हणजे काय तें पाहूं. शब्दावरून पुष्कळांस वाटतें कीं दांतांत किडा शिरला, आणि धुरी देऊन किडे काढून दाखविणारे लोक ह्याच समजुतीवर पोट भरतात. वस्तुतः दांतांत किडा नसतो. बर्लिन येथें काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर ह्यांनीं १८९० सालीं आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिठूळ अन्न ह्यांपासून आम्ल तयार करितात आणि तें आम्ल दांत विरघळवितें. लाळ हें आम्ल धुवून काढिते व दांताची झीजही थोडीबहुत भरून काढिते. परंतु तिला अवधि लागतो. मूल घटकेघटकेला गोड खाऊं लागलें म्हणजे तो अवधि मिळत नाहीं. म्हणून गोड किती खाल्लें ह्याबरोबरच किती वेळां खाल्लें, हें पाहिलें पाहिजे. झोपेंत लाळ फारच कमी होते. म्हणून गोड दुधाची बाटली तोंडांत धरून निजणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दांत आधीं काळे पडतात. शिवाय दुधाच्या दांतावरील कवच पातळ असल्यामुळें कीड लवकर आंत पोहोंचते.

साखरेचा हा संबंध नॉर्वे देशांत स्पष्ट दिसून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत (१९३९–१९४५) तेथें साखर दुर्मिळ झाली, तेव्हां मुलांच्या दांतांची कीड कमी झाली. युद्धानंतर साखर पुन्हां मिळूं लागली, तशी कीडही पुन्हां वाढली.

दाढ दुखूं लागली म्हणजे मूल नीट जेवत नाहीं, झोंपत नाहीं, आणि त्याची वाढ खुंटते. कीड मुळाशीं गेली कीं गळूं होतें, व खालीं तयार होत असलेल्या पक्क्या दांतालाही इजा पोहोंचूं शकते. दाढ अकालीं पडली तर आणखी एक हानि होते. बांध मोडला कीं शेजारी हळूहळू आंत सरकतो, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. तसेच शेजारचे दांत मोकळ्या जागेंत कलतात. मग पक्क्या दांतास वाट उरत नाहीं आणि तो वांकडा येतो किंवा अडकून राहतो.

येथें एक सूचना करितों. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें एक नवी दाढ येते. तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं, म्हणून आईबाप तिलाही दुधाची समजतात. ती पक्की दाढ आहे. गेली तर पुन्हां येत नाहीं.

उपाय पुढीलप्रमाणें करावे :

१. पहिला दांत दिसतांच तो सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं घासावा. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी घ्यावी. सात-आठ वर्षांपर्यंत वडील माणसानें स्वतः दांत घासून द्यावे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ह्या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक आहे. तेथें पेस्टविषयीं दंतवैद्यास विचारावें.

२. मिश्री मुलांच्या दांतांस कदापि लावूं नये. ती भाजलेली तंबाखू आहे. तिनें कीड बरी होत नाहीं, व्यसन मात्र जडतें.

३. गूळ व मध हीही साखरच होत. गोड द्यावयाचें तर जेवणाबरोबर द्यावें. मधल्या वेळीं फुटाणे, शेंगदाणे किंवा भाकरी द्यावी. मात्र चार वर्षांखालील मुलास अख्खे दाणे देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकतात.

४. महिन्यांतून एकदां ओठ उचलून पाहावें. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती किडीची सुरुवात असूं शकते. ह्या वेळीं ती थांबवितां येते.

५. खड्डा पडला तर दांत भरून घ्यावा; काढावा लागल्यास जागा राखण्याचें साधन बसवितां येईल काय, हें विचारावें. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते, व तींत दांतही पाहतात. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये.

मातांच्या सभेंत हा पाठ वाचून झाल्यावर पुढील प्रश्न विचारावे :

दुधाची मागची दाढ कितव्या वर्षापर्यंत राहिली पाहिजे? थोडें थोडें गोड वारंवार खाणें अधिक वाईट कां? दाढ अकालीं पडल्यास पक्क्या दांताचें काय होतें? आणि शेवटचा प्रश्न प्रत्येकीनें आपल्याशींच विचारावा : आपल्या मुलाचा ओठ उचलून आपण शेवटीं कधीं पाहिलें?