प्लुटोनियम जाळणारी द्रुत अणुभट्टी

वीजनिर्मितीच्या अणुभट्टीतून बाहेर काढलेले इंधन म्हणजे निव्वळ राख नव्हे. चुलीतून ओढून काढलेल्या अर्धवट जळालेल्या लाकडासारखी त्याची अवस्था असते. साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीतील अशा इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियम तसेच उरते, तीन-चार टक्के भंजनातून निर्माण झालेली द्रव्ये असतात व सुमारे १ टक्का प्लुटोनियम असते. नेपच्युनियम, अमेरिसियम ही जड मूलद्रव्ये त्याहूनही अल्प असतात. परंतु हा अल्प भागच पुढील पिढ्यांच्या चिंतेचा विषय आहे. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे, तर नेपच्युनियम-२३७ चे २० लाख वर्षांहून अधिक आहे. शिवाय प्लुटोनियमपासून अण्वस्त्रे बनविता येतात. असे द्रव्य पुरून टाकावे की जाळून टाकावे?

द्रुत न्यूट्रॉनांचे कार्य

नेहमीच्या भट्टीत मंदायकाच्या साहाय्याने न्यूट्रॉनांचा वेग कमी केला जातो. प्लुटोनियम-२३९ मध्ये शिरलेल्या दर चार मंद न्यूट्रॉनांपैकी सुमारे एकाने भंजन होत नाही; त्यातून अधिक जड अणू मात्र तयार होतो. म्हणजे जाळावयास घेतलेल्या द्रव्यातूनच नवा दीर्घायुषी कचरा निपजतो. द्रुत भट्टीत मंदायक नसतो. तेथे भंजनाचे प्रमाण वाढते आणि मंद न्यूट्रॉनांना दाद न देणाऱ्या प्लुटोनियम-२४० चेही भंजन होऊ शकते. उष्णता वाहून नेण्यासाठी बहुधा द्रवरूप सोडियम वापरतात, कारण ते न्यूट्रॉनांचा वेग फारसा कमी करीत नाही.

प्रजनक की दाहक?

गाभ्याभोवती युरेनियमचे आवरण ठेवले, तर निसटणारे न्यूट्रॉन त्यात शिरून नवे प्लुटोनियम तयार करतात. ही प्रजनक भट्टी होय. आवरण काढले, गाभा चापट केला व इंधनातील युरेनियम घटविले, की तीच भट्टी दाहक बनते. मात्र तापलेले युरेनियम-२३८ अधिक न्यूट्रॉन शोषून भट्टीला आपोआप आवर घालते. ते फार कमी केल्यास हा नैसर्गिक लगाम सैल पडतो. दहनाचा वेग आणि सुरक्षितता यांचा मेळ घालणे हेच आराखडा करणाऱ्यांपुढील खरे काम आहे. सोडियमचीही जोखीम आहे. जपानच्या मोंजू भट्टीत १९९५ मध्ये सोडियम गळून आग लागली. पुढे २०१६ मध्ये ती कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. उलट रशियाची बीएन-८०० ही द्रुत भट्टी २०२२ पासून पूर्णतः युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र इंधनावर चालली आहे.

दहनाचा हिशेब

१ ग्रॅम प्लुटोनियमच्या भंजनातून सुमारे १ मेगावॉट उष्णता दिवसभर मिळते. १,००० मेगावॉट विजेसाठी सुमारे २,५०० मेगावॉट उष्णता लागते. म्हणजे रोज अडीच किलो, वर्षाला साधारण ९०० किलो. ब्रिटनजवळ सुमारे १४० टन नागरी प्लुटोनियम साठले आहे. नवे मुळीच निर्माण झाले नाही असे धरले, तरी एका भट्टीला ते संपविण्यास दीडशे वर्षे लागतील. ब्रिटनने जानेवारी २०२५ मध्ये हा साठा स्थिर घनरूपात बांधून खोल भूगर्भात ठेवण्याचे धोरण स्वीकारले.

आपला मार्ग

भारताची दृष्टी वेगळी आहे. आपल्याकडे युरेनियम मर्यादित असल्याने प्लुटोनियम हे ओझे नसून पुढील टप्प्याचे इंधन मानले जाते. कल्पाक्कम येथील प्रायोगिक द्रुत भट्टी ऑक्टोबर १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. तेथीलच ५०० मेगावॉट प्रजनक भट्टीचा गाभा भरण्यास मार्च २०२४ मध्ये प्रारंभ झाला.

मार्ग कोणताही असो, भंजनद्रव्ये उरणारच. त्यांपैकी सीझियम-१३७ व स्ट्राँशियम-९० यांची तीव्रता ३०० वर्षांत सुमारे हजारांश होते; टेक्नेशियम-९९ मात्र लाखो वर्षे टिकते. म्हणून द्रुत भट्टीमुळे कचऱ्याचे ओझे घटते, सांभाळण्याची जबाबदारी संपत नाही. अणुप्रकल्पाविषयी गावात चर्चा होईल तेव्हा किती वीज मिळणार, याबरोबरच काय उरणार आणि ते किती काळ कोण सांभाळणार, हेही विचारले गेले पाहिजे.